एकही खाडा नाही

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं विहिरीची नोंद ठेवली, आता स्वतःची ठेवीन. नियम तोच, एकही खाडा पडू द्यायचा नाही. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचायची नाही. बायकोने तर नाहीच.

निमित्त असं. विद्यापीठात पुढच्या सोमवारपासून संशोधकांसाठी पाच दिवसांचं कॉम्प्युटर ट्रेनिंग आहे. काल सून म्हणाली, सरांनी तुम्हालाही बोलावलंय. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख आणि सुनेचे गाइड. तिचं म्हणणं, माझ्या रजिस्टरच्या काही पानांवर शाई फुटलीय, टाइप करणाऱ्याला आकडे लागत नाहीत, ते वाचून दाखवायचे. हे वरवरचं कारण झालं. विभागाच्या विहिरीत रोज सकाळी आठला टेप सोडून पाणी काठापासून किती खाली आहे हे ज्याने एकतीस वर्षं लिहिलं, त्याचा सत्कार करायचा तर काहीतरी निमित्त काढावंच लागतं. निवृत्त झालो तेव्हा केला नव्हता. तेव्हा फक्त खुर्ची परत मागितली होती, आणि तीही विभागाचीच होती म्हणे. सहा वर्षांनी का होईना, सुचलं.

संकल्प: सोमवारपर्यंत टायपिंग शिकणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसलो. अक्षरं कोणी वेड्याने लावलीत. स्वतःचं नाव लिहायला अकरा मिनिटं. खुर्ची उंच आहे हे खरं कारण. उद्या उशी घेऊन बसणार.

५ नोव्हेंबर, बुधवार
उशीने खुर्ची आणखी उंच झाली. टायपिंग रद्द. तज्ज्ञ माणसाने टाइप करायचं नसतं, सांगायचं असतं.

ट्रेनिंगच्या खोलीपासून संडास किती लांब आहे ते सुनेला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, ते तिथे गेल्यावर कळेल." पोरगी शांत आहे. पण हल्ली माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघते. जानेवारीत प्रबंध द्यायचाय, त्याचं टेन्शन. एवढं टेन्शन कशाचं? आकडे तर मी दिलेत. तिला नुसतं बसून लिहायचंय.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी
गुरुवार आणि शुक्रवारची नोंद राहिली. काही घडलं नव्हतं, म्हणजे नोंद आहे असंच धरायचं.

आज सुनेच्या प्रबंधाबद्दल लिहून ठेवतो. त्यातलं चौथं प्रकरण माझं आहे. चोवीस वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला होता. नळाला पाणी नाही, झाडं वाळलेली. आणि त्याच उन्हाळ्यात, १२ एप्रिल ते २२ मे, विभागाच्या विहिरीचं पाणी जवळजवळ तीन मीटर वर आलं. पाऊस नाही, काही नाही. मग पुन्हा खाली गेलं. माझ्या रजिस्टरमध्ये स्पष्ट आहे. सर म्हणतात, जमिनीखालून कुठूनतरी पाणी आलं असणार, ही मोठी गोष्ट आहे. सून तीन वर्षं ते "कुठून" शोधतेय. टेकड्या तुडवल्या, पाचशे बाटल्या पाणी तपासलं, पाठीचं दुखणं लावून घेतलं. सुरुवातीला तिने मला विचारलं होतं, "बाबा, पाणी खरंच वर आलं होतं का?" मी म्हटलं, या डोळ्यांनी पाहिलंय.

आज जेवताना हे पुन्हा सांगितलं. बायको भांडं आपटून उठली. हिला विज्ञानातलं काही कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
शनिवार आणि सोमवारच्या मधला दिवस.

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी
(कालची नोंदही आत्ताच लिहिली. रविवारचं तसंच असतं. विहिरीवरसुद्धा रविवारी सायकल हाणत जायची गरज नसे. शनिवारचा आकडा आणि सोमवारचा आकडा कळला की मधला आपोआप कळतो. याला अनुभव म्हणतात, तो कॉम्प्युटरला नसतो.)

ट्रेनिंगचा पहिला दिवस. तिसरा मजला, लिफ्ट बंद. खोलीत बावीस संशोधक, प्रत्येकापुढे लॅपटॉप, जमिनीवर वायरींचं जाळं. संडास दुसऱ्या टोकाला. मला आत शिरताना पाहून एक मुलगी म्हणाली, बरं झालं आलात, हा प्लग ढिला आहे. मी घट्ट करून दिला. तज्ज्ञ म्हणून पहिली मदत.

शिकवणारी बाई सुनेहून लहान. तिच्या लॅपटॉपच्या पाठीवर स्टिकरच स्टिकर, म्हणून मी तिला मनात स्टिकरवाली म्हणतो. ती म्हणाली, तुम्ही सगळे आपापल्या विषयात हुशार आहात, पण तुमचे आकडे तुम्ही घरच्या माळ्यावरच्या अडगळीसारखे ठेवता. मला फार आवडलं. मान डोलावली. पहिल्या ओळीत मी एकटाच मान डोलावत होतो.

शाई फुटलेली सत्तावीस पानं सुनेला वाचून दाखवली. दोन आकडे मलाही लागले नाहीत. अंदाजाने सांगितले. सून म्हणाली, अंदाज असेल तर तसं सांगा. मी म्हटलं, अंदाज नाही. आठवण आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज माझा दिवस होता.

एक दाढीवाला मुंग्यांवर डॉक्टरेट करतोय. त्याच्या तक्त्यात नऊ दिवसांची घरं रिकामी. विचारलं तर म्हणे ताप होता. स्टिकरवाली त्याला शाबासकी देते! म्हणते, माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवा, रिकामी जागा खोटं बोलत नाही, कॉम्प्युटरला ती सांभाळून घेता येते.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभा राहिलो. ताप आम्हालाही येत होता, पण एकतीस वर्षांत, अकरा हजार तीनशे तेवीस दिवसांत एक घर रिकामं सोडलेलं नाही, हे सर्वांना सांगितलं. मुंग्यावाला खाली बघायला लागला. खोली एकदम शांत. आदराने.

स्टिकरवाली माझ्याकडे वळली. म्हणाली, "आजोबा, एकही नाही?" मी म्हटलं, एकही खाडा नाही.

तिने सुनेला विचारलं, शुक्रवारी सगळ्यांच्या समोर सरावासाठी हाच डेटा घेऊ या का? सून म्हणाली, नको, अजून तपासायचाय. मी सांगितलं, खुशाल घ्या. तपासायचं काय त्यात?

१२ नोव्हेंबर, बुधवार
आलेख काढायला शिकवलं. माझ्या विहिरीची निळी रेघ पडद्यावर पाहिली. एकतीस वर्षं एका फुटात मावली. वाईट वाटलं, पण दिसली छान.

स्टिकरवालीने वारांप्रमाणे रेघा वेगळ्या केल्या. मग सुनेला म्हणाली, ही विहीर रविवारी फार शिस्तीत वागते. हे मी ऐकलं. इतक्या बारकाईने आजवर कोणी माझं काम पाहिलं नव्हतं. सून मात्र खिडकीबाहेर बघायला लागली. येताना बसमध्येही खिडकीबाहेर बघत होती. कौतुक दुसऱ्याचं झालं की लागतं माणसाला. तिचा दोष नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी
उद्या समारोप. सर येणार आहेत. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. चार ओळींचं भाषण लिहिलं, त्यातल्या तीन पाठ. गुडघा दुखतोय, पेन गळतंय. मुलगा म्हणाला, बाबा, सत्काराचं तुम्हाला कोणी सांगितलंय का? मी म्हटलं, सांगून करतात तो सत्कार नसतो.

उद्या गडबडीत लिहायला वेळ मिळणार नाही. म्हणून उद्याची नोंद आजच करून ठेवतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
समारोप झाला. सर माझ्या कामाबद्दल बराच वेळ बोलले. टाळ्या. पुष्पगुच्छ. भाषण चांगलं झालं, आवाज थोडा कापला. सुनेने सर्वांसमोर सांगितलं की, बाबा नसते तर माझा प्रबंध नसता. मुंग्यावाल्याने येऊन माफी मागितली. रजिस्टरं काचेच्या कपाटात ठेवणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. खरी
वरचं तसं झालं नाही.

सर मागे बसले होते. स्टिकरवालीने शेवटचा धडा घेतला: आपल्याच डेटातल्या चुका आपण कशा शोधायच्या. कॉम्प्युटरला एक सूचना अशी द्यायची की, सलग तेच आकडे त्याच क्रमाने दुसरीकडे पुन्हा आले असतील तर ते लाल होतील. निसर्ग स्वतःची नक्कल करत नाही, असं तिचं म्हणणं. कोणाचा डेटा पडद्यावर घेऊ, तिने विचारलं. सुनेने मान खाली घातली. मी तिचा हात धरून वर केला.

चोवीस वर्षांपूर्वीचा १२ एप्रिल लाल झाला. मग १३. मग सगळे, २२ मेपर्यंत. शेजारी आदल्या वर्षीचे तेच दिवस, तेवढेच लाल. ४.३२, ४.३५, ४.३५, ४.३८. एकेचाळीस आकडे, दशांशासकट. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, पाणी वर होतं.

मी म्हटलं, योगायोग आहे. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग म्हटलं, कॉम्प्युटर चुकला असेल. स्टिकरवाली हळू म्हणाली, आजोबा, बसा. सर उठून बाहेर गेले. सुनेने पडद्याची वायर काढली, पण लॅपटॉप बंद केला नाही. तशीच बघत बसली. मुंग्यावाल्याने मला पाणी आणून दिलं. तेच जास्त लागलं.

सर्टिफिकेट बावीस जणांना मिळालं. माझं छापलेलंच नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे
काल रात्रीच्या जेवणाचं लिहायचं राहिलं. राहू द्यायचा विचार होता.

सुनेने जेवताना विचारलं. आवाज न चढवता. "बाबा, त्या दिवसांत तुम्ही विहिरीवर गेला होता का?" मी सांगायला सुरुवात केली की, इतक्या वर्षांनी कुणाला काय आठवणार. तेवढ्यात मुलगा मध्ये पडला. त्याला बिचाऱ्याला दुपारचं काही माहीत नव्हतं. माझी बाजू घ्यायला गेला.

म्हणाला, "तो उन्हाळा ना? माझं मांडीचं हाड मोडलं होतं, नऊ वर्षांचा होतो. दवाखान्यात पाय वजन लावून टांगलेला. आई रात्री असायची, दिवसा तिला शिलाईच्या कारखान्यात जावं लागायचं. सकाळी सातपासून बाबा. एकेचाळीस दिवस, एक खाडा नाही. मला कंटाळा येऊ नये म्हणून ते मोठं रजिस्टर आणायचे. मी मागच्या वर्षीच्या पानावरचे आकडे वाचायचो, बाबा लिहून घ्यायचे. आमचा खेळच होता तो."

सुनेने घास ताटात ठेवला. मुलगा सगळ्यांकडे बघायला लागला. काय झालं, काय झालं, विचारत होता. बायको म्हणाली, "जेव तू."

त्याच दिवशी सकाळी
मी खोटं बोललो असं होत नाही. परिस्थिती अशी होती: तेराव्या वर्षीही मी रोजंदारीवर. उन्हाळ्याची सुट्टी, विभागात चिटपाखरू नाही, माझं काम फक्त विहीर. खाडा पडला की नाव कमी. रजा मागायला मी कोणी नव्हतो. पोराचा पाय टांगलेला. रिकामी जागा सोडून चाललं असतं का? स्टिकरवालीला विचारायला हवं होतं. तेव्हा ती जन्मली असेल जेमतेम.

पुढच्या वर्षी कायम झालो. ऑर्डरवर कारण होतं: अखंड नोंदी.

तरी एखादा आकडा बदलून लिहायला हवा होता. नववी नापास माणसाला तेवढं सुचलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
सून बोलत नाही. चहा ठेवते, कपाचा कान माझ्याकडे करून ठेवते, बोलत नाही.

संकल्प: उद्या सरांना भेटून सगळं मिटवणे. सर माझं ऐकतील.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
काल गेलो नाही, पोट ठीक नव्हतं. आज गेलो. बाहेर पाऊण तास बाकावर. सरांना सांगितलं की, एकेचाळीसच दिवस तर आहेत, अकरा हजारांत काय ते. सर चिडले नाहीत. म्हणाले, बाबा, त्या एकेचाळीसवरच चौथं प्रकरण उभं होतं. ते काढावं लागेल, प्रबंध जानेवारीत जाणार नाही, वर्षभर तरी नाही. फेलोशिप डिसेंबरला संपते. नंतर तिचं तिने बघायचं. मी विचारलं, मी काही करू शकतो का? ते म्हणाले, आणखी कुठले दिवस असे आहेत ते तिला सांगा. खरं सांगा.

निघताना विचारलं, रजिस्टरं काचेच्या कपाटात कधी? सरांना काय म्हणतोय तेच कळलं नाही. कपाट माझं मीच ठरवलं होतं बहुतेक.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी टेबलावर कागदांचा गठ्ठा. एकशे नव्वद पानं, एकतीस वर्षांच्या सगळ्या तारखा, प्रत्येकीपुढे चौकोन. वर सुनेच्या हाताने लिहिलेलं: पाहून लिहिलेल्या दिवसापुढे खूण करा. आठवत नसेल तर रिकामं सोडा.

"बाबा" असं वर लिहिलं नव्हतं. दोनदा पाहिलं.

सोपं काम. रोज पन्नास पानं, चार दिवसांत खलास. बघेल मग ती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
दीड पान. रविवार सगळे रिकामे, ते एकदम झाले. मग पहिल्या वर्षाचा ६ ऑगस्ट. गेलो होतो का? धो धो पाऊस असला तर सायकल निघत नसे. त्या दिवशी पाऊस होता का? कसं कळणार? रजिस्टरमध्ये बघितलं तर पाणी चार सेंटिमीटर वर. म्हणजे पाऊस असणार, म्हणजे मी गेलो नसणार, मग चार सेंटिमीटर कोणी लिहिलं?

चष्म्याचा नंबर बदललाय.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आज झपाट्याने उरकलं. एकशे चाळीस पानं. सपासप खुणा. सोमवार ते शुक्रवार गेलोच असणार, असं धरलं. परीक्षा, संप, आजारपण यांसाठी मधूनमधून एखादं घर रिकामं सोडलं, म्हणजे खरं वाटेल.

बायको मागे उभी होती, मला कळलंच नाही. बराच वेळ बघत असावी. म्हणाली, "हेसुद्धा अंदाजाने?"

मी म्हटलं, तू तुझं काम कर. ती म्हणाली, "त्या पोरीने तीन वर्षं तुमच्यावर विश्वास टाकला. मी चोवीस वर्षं तोंड शिवून बसले. तुम्हाला निदान एकदा तरी लाज वाटू द्या." रागावून नाही. कापड मोजताना बोलतात तसं.

ती गेल्यावर तिच्या भाजीपाल्याच्या हिशेबाच्या पेन्सिलीमागचं रबर घेतलं. खुणा शाईने केल्या होत्या. पुसत नाहीत. कागद फाटला.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०
काल नोंद केली नाही. रविवार होता म्हणून नाही. केली नाही.

आज पहाटे गठ्ठा सुनेच्या टेबलावर ठेवला. नव्याने छापून आणलेला. मुलाने आणून दिला. एकशे नव्वद पानांत खूण फक्त एकोणीस चौकोनांत. जे शपथेवर आठवतात ते. नोकरीचा पहिला दिवस. शेवटचा. पोराचा पाय सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ मे, गेलो होतो तेव्हा पाणी इतकं खाली की टेप पुरली नाही, पंचा बांधावा लागला. बाकी सगळं रिकामं. बहुतेक दिवस गेलोही असेन. आता कोण सांगणार?

तिने गठ्ठा उघडला. पानं उलटत गेली, एकेक. २३ मेपाशी थांबली. मी दारात उभा होतो. तिने वर बघितलं नाही.

नंतर विहिरीवर गेलो. सायकल नाही, चालत. वर लोखंडी जाळी, कुलूप. एक यंत्र बसवलंय, ते दर तासाला स्वतःच मोजतं. रविवारीसुद्धा. थोडा वेळ उभा राहिलो. सुरक्षारक्षक म्हणाला, आजोबा, इथे काय काम? घराकडे वळलो.

संध्याकाळी
बसल्या बसल्या उद्याची नोंद लिहायला घेतली होती. "२५ नोव्हेंबर, मंगळवार. आज सून बोलली." एवढं लिहिलं.

खोडलं. उद्या पाहून लिहीन.